टॉडमॉर्डन : ओढ्यावर टाउन हॉल बांधणारं गाव

टॉडमॉर्डनच्या टाउन हॉलखालून ओढा वाहतो. वॉल्सडन वॉटर त्याचं नाव. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर आणि लँकेशायर या दोन काउंट्यांची, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांची, सीमा पूर्वी याच ओढ्यावरून जायची, आणि १८७५ मध्ये उघडलेला हा टाउन हॉल नेमका तिच्यावर उभा आहे. दर्शनी भागावरच्या त्रिकोणी शिल्पात दोन स्त्रिया आहेत. एक लँकेशायर, तिच्या बाजूला सूतकताई आणि विणकाम. दुसरी यॉर्कशायर, तिच्याकडे लोकर, शेती आणि यंत्रं. वरच्या दालनात नाच रंगला की जोडपी एका काउंटीत गिरकी सुरू करून दुसरीत संपवायची, हे गावातले लोक अजून चवीनं सांगतात.

१८८८ च्या कायद्यानं सगळं गाव यॉर्कशायरमध्ये टाकलं. कागदावर वाद मिटला. पण आजही इथल्या पत्त्यावर पिनकोड लँकेशायरकडच्या ओल्डहॅमचा, टेलिफोनचा कोड तिकडच्याच रॉचडेलचा, महापालिका यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सची, आणि क्रिकेटचा संघ खेळतो लँकेशायर लीगमध्ये. ज्या लीगमध्ये विनू मांकड हॅसलिंग्डनकडून आणि आपले सुभाष गुप्ते रिशटनकडून व्यावसायिक म्हणून खेळले, तीच ही लीग.

गाव आहे पेनाइन डोंगररांगेत. इंग्लंडच्या उत्तरेत मधोमध उभी गेलेली ही रांग उंचीनं फार नाही. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ती टेकड्यांची ओळच वाटेल. पण माथ्यावर चढलं की झाड दिसत नाही. दिसतं ते वारा, गवत, आणि पायाखाली पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा स्पंजासारखा काळा थर. या उजाड माळाला तिथे ‘मूर’ म्हणतात. खाली तीन अरुंद खोरी एकत्र येतात आणि त्या तिठ्यावर टॉडमॉर्डन वसलंय. बोलताना लोक नुसतं ‘टॉड’ म्हणतात.

जुनी वस्ती मात्र खाली नव्हतीच. खोऱ्याचा तळ दलदलीचा आणि झाडीचा, म्हणून माणसं उतारावरच्या सपाट पट्ट्यांवर राहायची. जमीन निकस, पाऊस उदंड. थोडी गुरं, थोड्या मेंढ्या, थोडे ओट्स एवढ्यावर पोट भरेना, म्हणून घरोघरी हातमाग. त्या काळातली दगडी घरं अजून उभी आहेत. वरच्या मजल्याला शेजारी शेजारी लावलेल्या अरुंद खिडक्यांची लांब ओळ दिसली की ओळखावं, इथे माग होता आणि तो उजेड मागासाठी होता. विणलेला लोकरीचा तागा घोड्यावर टाकून दगडी फरसबंदीच्या घोडवाटेनं हॅलिफॅक्सच्या बाजारात न्यायचा. १७७९ मध्ये हॅलिफॅक्सला या ताग्यांसाठी तीनशेहून जास्त खोल्यांचा ‘पीस हॉल’ उघडला, यावरून धंद्याचा पसारा लक्षात यावा.

आणि त्यानंतर तीनच वर्षांनी सगळं बदलायला लागलं. १७८२ मध्ये जोशुआ फील्डन नावाचा, क्वेकर या ख्रिस्ती पंथातला शेतकरी उतारावरून खाली आला आणि तीन लहान घरांत त्यानं कापसाची सूतकताई सुरू केली. लोकरीच्या मुलखात कापूस! पण खाली पाणी होतं, पलीकडे लँकेशायर होतं, पुढे कालवा आला. त्याच्या मुलांनी या तीन घरांची प्रचंड गिरणी केली. १८४१ मध्ये मँचेस्टर–लीड्स रेल्वेसाठी डोंगर पोखरून काढलेला समिट बोगदा सुरू झाला, तेव्हा तो जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. डोंगरावरचं गाव पुरतं खाली उतरलं.

जोशुआचा मुलगा जॉन फील्डन याच्याशिवाय टॉडमॉर्डनची गोष्ट सांगताच येत नाही. दहा वर्षांचा असताना बापाच्याच गिरणीत कामाला लागलेला हा पोरगा पुढे मोठा गिरणीमालक झाला, १८३२ मध्ये खासदार झाला, आणि गिरणीमालक असूनही कामाचे तास कमी करा म्हणून पार्लमेंटमध्ये भांडत राहिला. कापड गिरण्यांतल्या बायकांच्या आणि अठराच्या आतल्या पोरांच्या कामाला दहा तासांची मर्यादा घालणारा १८४७ चा कायदा त्यानंच सभागृहात तडीला नेला. गिरणीमालकांच्या दानतीची कौतुकं मी सहसा राखूनच ऐकतो. या माणसाचं मात्र वेगळं वाटतं, कारण कायद्याची झळ त्याच्याच तिजोरीला लागणार होती.

गावाचा हट्टी स्वभाव त्याहून ठळक दिसतो तो १८३८ मध्ये. १८३४ च्या नव्या कायद्यानं गरिबांना घरी मिळणारी मदत बंद करून त्यांना ‘वर्कहाऊस’मध्ये पाठवायचं ठरवलं होतं. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे, आणि पोटापुरतं खाणं. फील्डननं आणि गावानं साफ नकार दिला. नव्या व्यवस्थेला पैसे न देणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या घरी जप्तीला हॅलिफॅक्सहून दोन कॉन्स्टेबल आले. गिरणीची घंटा वाजली, कामगार साचे, म्हणजे यंत्रमाग, सोडून धावले आणि कॉन्स्टेबलांना बेदम चोपलं. पुढे दंगल झाली, लष्कर आलं. तरी वर्कहाऊस काही उभं राहिलं नाही. ते झालं थेट १८७७ मध्ये. जवळजवळ चाळीस वर्षं लंडनचा कायदा या खोऱ्यात येऊन थांबला होता.

इथून पुढचा धागा आपल्याकडे येतो. फील्डनच्या गिरण्यांना कापूस लागायचा अमेरिकेचा. १८६१ मध्ये तिथे यादवी सुरू झाली, दक्षिणेची बंदरं बंद पडली आणि लँकेशायरच्या बाजूच्या गिरण्या ओस पडल्या. तिथल्या गिरणगावांत उपासमार. मग मुंबईहून गाठी यायला लागल्या. कापूस खानदेशचा असो, वऱ्हाडचा असो, नाही तर गुजरातचा, तिथे त्याचं सरसकट नाव ‘सुरत’. धागा आखूड, सारखा तुटणारा. वर सरकीचे तुकडे आणि माती. साच्यावर बसलेल्या माणसाचा दिवस धागे जोडण्यातच जायचा आणि मजुरी तर कापडावर. ‘देवा, कापूस पाठव, पण सुरत नको’ अशी प्रार्थना तिकडे केली जायची, अशी आठवण सांगतात. बेकार हातांना काम म्हणून शेजारच्या रॉचडेलकडच्या मूरवर दगडी रस्ता बांधून घेतला. त्याला आजही ‘कॉटन फॅमिन रोड’ म्हणतात.

त्याच वेळी मुंबईत पैशाचा पाऊस पडत होता. शेअर, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या रेक्लमेशन कंपन्या, रोज नवी बँक. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि तो डोलारा कोसळला. त्या तेजीतले बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. टॉडमॉर्डनचा टाउन हॉल, फील्डन कुटुंबाच्या पैशातला, त्याच्या तीन वर्षं आधीचा. दोन्ही इमारतींच्या दगडात कापूस आहे. पुढे १८९६ मध्ये मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला, तोही लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या दबावापोटी. तेव्हा टॉडमॉर्डनकडे फक्त कनवाळू फील्डनच्या चष्म्यातून पाहायचं कारण नाही.

पुढच्या पिढीतल्या फील्डनांनी मात्र हौस केली. एकानं गिरणीत काम करणाऱ्या रूथ स्टॅन्सफील्ड हिच्याशी लग्न केलं आणि तिच्यासाठी डोंगरउतारावर डोब्रॉइड कॅसल बांधला. ‘किल्ला बांधलास तर लग्न करीन,’ असं ती म्हणाली होती म्हणे. त्या किल्ल्यात पुढे सुधारगृह भरलं, मग बौद्ध केंद्र आलं, आता शाळेची पोरं शिबिराला येतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावाची वस्ती पंचवीस हजारांवर होती. मग कापूस गेला आणि माणसंही गेली. आज साधारण पंधरा हजार उरलीत. गावच्या ग्रामर स्कूलनं मात्र दोन नोबेलविजेते दिले. अणुकेंद्र फोडणारे जॉन कॉक्रॉफ्ट (भौतिकशास्त्र, १९५१) आणि जेफ्री विल्किन्सन (रसायनशास्त्र, १९७३). चोवीस वर्षांच्या अंतरानं जन्मलेल्या या दोघांना भौतिकशास्त्र शिकवणारे मास्तर एकच होते, ल्यूक सटक्लिफ. त्या मास्तरांबद्दल अजून वाचायला मिळालं असतं तर आवडलं असतं.

२००८ पासून गावाचं नाव पुन्हा झालं ते भाज्यांमुळे. पॅम वॉरहर्स्ट आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी कुणाचीही परवानगी न मागता रस्त्याकडेच्या मोकळ्या जागांत भाजीपाला लावायला सुरुवात केली. रेल्वे फलाटावर, दवाखान्यासमोर, पोलीस ठाण्याच्या दारात मका. तोडायची कुणालाही मुभा. उपक्रमाचं नाव ‘इन्क्रेडिबल एडिबल’. १८३८ ची घंटा वाजवणारं गाव हेच, याची खूण इथे पटते.

पाण्यानं मात्र जुना हिशेब सोडलेला नाही. माथ्यावरचं पीट भिजून गच्च झालं की उरलेलं सगळं पाणी उभ्या उतारावरून तासाभरात खाली येतं, आणि खाली नदी गिरण्यांच्या भिंतींत, रस्त्यांखालच्या मोऱ्यांत कोंडलेली. २६ डिसेंबर २०१५ ला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, या कॅल्डर नदीचं पाणी दुकानांत शिरलं. पुराचा इशारा द्यायला इथे अजून भोंगा वाजतो, दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्याच्या वेळी वाजायचा तसाच. तो वाजला की लोक आधी गाड्या वरच्या रस्त्याला नेऊन लावतात, त्याच उतारावर, जिथे जुनी मागाची घरं आहेत.