सोसायटीच्या गच्चीवर सौर संच: अनुदानाचा अर्ज आणि त्याआधीची कामं

पीएम सूर्यघर मोफत वीज योजना म्हटलं की ती बंगलेवाल्यांसाठी, असा समज होतो. पण गृहनिर्माण सोसायट्यांसाठी तीत वेगळी तरतूद आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, ईव्ही चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी गच्चीवर सौर संच बसवला तर केंद्र सरकारकडून किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतं. कमाल मर्यादा ५०० किलोवॅट, तीही सदनिकेमागे ३ किलोवॅट या हिशेबाने. एखाद्या सभासदाने स्वतःच्या मीटरवर संच बसवला असेल तर तोही या मर्यादेत धरतात. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे.

योजनेच्या पोर्टलवरचा अर्ज अर्ध्या तासात भरून होतो. महिने जातात ते त्याआधीच्या कागदांत.

आधी वापर कमी करा, मग किलोवॅट ठरवा

बहुतेक सोसायट्या इथेच चुकतात. विक्रेता बिल बघतो, संच सुचवतो आणि जुन्या, वीजखाऊ इमारतीच्या मापाने पॅनेल बसतात.

एक हिशेब पाहा. सामाईक मीटरचं बिल महिना ९०० युनिट. जिन्यात आणि पार्किंगमध्ये जुन्या ३० ट्यूबलाइट, चोकसकट प्रत्येकी सुमारे ५० वॅट, रोज १२ तास. म्हणजे दिवसाला १८ युनिट, महिन्याला ५४०. त्याच जागी २० वॅटच्या एलईडी ट्यूब लावल्या तर २१६. बिल ५७६ युनिटांवर आलं. आपल्याकडे १ किलोवॅटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतो, महिन्याला १२०. आधीच्या वापराला साडेसात किलोवॅट लागले असते, आता ५ पुरतात. सावली न पडणारी जागा किलोवॅटमागे सुमारे १०० चौरस फूट धरली, तर गच्चीही अडीचशे चौरस फुटांनी मोकळी राहिली.

पंपाचंही तेच. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपच्या तळाची झडप) गळत असेल, टाकी भरून वाहत असेल, तर त्या वाहून जाणाऱ्या पाण्यासाठी पॅनेल विकत घेण्यात काय हशील? टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवा.

‘जास्त बसवू, उरलेली वीज विकू’ हा सल्ला मनावर घेऊ नका. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे कंपनीकडून घेतलेली आणि तिला दिलेली वीज मोजून फरकाचंच बिल करण्याच्या पद्धतीत, जादा युनिट पुढच्या महिन्याच्या बिलात वळते होतात, पण ३१ मार्चला शिल्लक उरलेल्या युनिटांना बिलातला दर मिळत नाही, बराच कमी मिळतो.

मीटर कोणाच्या नावावर आहे?

सामाईक मीटरचं बिल काढा आणि नाव वाचा. जुन्या इमारतींत तिथे आजही बिल्डरचं नाव असतं. बिल वेळेवर भरलं जातं, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. अनुदानासाठी मात्र जोडणी सोसायटीच्याच नावावर हवी. महावितरणकडे नावात बदलाचा अर्ज ऑनलाइन करता येतो. सोबत सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र लागतं आणि थकबाकी शून्य असावी लागते. मीटर, बँक खातं आणि पॅन या तिन्ही ठिकाणी नाव अक्षरशः एकच असू द्या. एकीकडे ‘को-ऑप.’ आणि दुसरीकडे ‘सहकारी’ एवढ्यावरूनही शंका निघते.

त्याच बिलावर मंजूर भार, म्हणजे जोडणीला मंजूर झालेले किलोवॅट, बघा. संच त्याहून मोठा चालत नाही. कमी पडत असेल तर भारवाढ करून घ्या.

ठराव आणि गच्ची

गच्ची सर्वांची, त्यामुळे सर्वसाधारण सभेचा ठराव हवाच. नुसता व्यवस्थापक समितीचा पुरत नाही. विशेष सभा घ्यायची तर आदर्श उपविधींप्रमाणे पूर्ण ५ दिवसांची नोटीस, वार्षिक सभा असेल तर १४ दिवसांची. ठरावात संचाची क्षमता, अंदाजे खर्च, पैसा कोणत्या निधीतून येणार आणि अर्जावर सही कोण करणार, हे चारही मुद्दे लिहा. ‘सोलर बसवण्यास मान्यता’ एवढ्याच ओळीचा ठराव पुढे वादाचं मूळ होतो.

इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनी असेल तर दर ३ वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करायचं असतं. तो अहवाल ताजा असू द्या. पॅनेलच्या वजनापेक्षा वाऱ्याच्या उचलीची चिंता जास्त असते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं असेल तर ते आधीच उरका. नंतर गळती लागली की सगळा सांगाडा उतरवावा लागतो. कोब्यात भोकं पाडून बोल्ट ठोकण्याऐवजी काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांवर सांगाडा उभा करा.

अर्ज

योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर राज्य आणि वीज कंपनी निवडा. महावितरणचा ग्राहक क्रमांक १२ अंकी असतो. मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानी यांपैकी बिल ज्यांचं येतं ती कंपनी. हाताशी ठेवा: ताजं बिल, नोंदणी प्रमाणपत्र, ठरावाची प्रत, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र आणि आधार, सोसायटीचा पॅन, सोसायटीच्या खात्याचा रद्द केलेला धनादेश. मोबाइल नंबर पाच वर्षं बदलणार नाही असा द्या. सचिव बदलला की ओटीपी कुठे जातो याचा पत्ता लागत नाही.

१० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणी (तिथे संच जोडता येईल का, हे बघणं) लागत नाही, तो मान्य झालेला धरतात. त्यापुढे वीज कंपनीला तपासणीसाठी १५ दिवस असतात. मान्यता येईपर्यंत काम सुरू करू नका.

विक्रेता पोर्टलवर नोंदणीकृतच हवा आणि पॅनेल डीसीआर, म्हणजे सेल आणि मॉड्यूल दोन्ही भारतात बनलेले. बिगर-डीसीआर पॅनेल स्वस्त पडतात आणि दिसायला अगदी सारखे. अनुदान मात्र जातं. म्हणून माल गच्चीवर चढताना पॅनेलमागच्या लेबलवरचे अनुक्रमांक बिलाशी ताडून बघा, कारण तेच क्रमांक पोर्टलवर चढतात. अनुदान पॅनेल आणि इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज वापरायच्या एसी विजेत बदलणारं यंत्र) यांपैकी कमी क्षमतेवर ठरतं: ५४० वॅटची १० पॅनेल आणि ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर असेल तर ५ किलोवॅटचेच, म्हणजे ९०,००० रुपये.

बसवल्यानंतर

अर्थिंगचे तीन खड्डे वेगळे मोजून घ्या: एसी, डीसी आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा वीजरोधक. दोनांवर भागवणं हा नेहमीचा प्रकार आहे. काम पूर्ण झाल्याची कागदपत्रं दिल्यावर नेट मीटर बसवून संच सुरू करून द्यायला कंपनीला १५ दिवस दिलेले आहेत. त्यानंतर पोर्टलवर बँकेचा तपशील भरायचा. अनुदान थेट सोसायटीच्या खात्यात येतं, म्हणून ‘आमच्याकडून वजा करून देतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून पूर्ण रकमेचं बिल मागा.

पहिल्या बिलावर आयात (कंपनीकडून घेतलेली वीज) आणि निर्यात (तिला दिलेली) असे दोन आकडे वेगळे दिसले पाहिजेत. निर्यातीचा आकडा शून्य असेल आणि इन्व्हर्टरवर भरपूर युनिट दिसत असतील, तर दुपारी पंप-लिफ्ट बंद असताना मीटरचं निर्यात वाचन घ्या. ते हलत नसेल तर बिलाची वाट न पाहता, वाचनाचा फोटो जोडून लेखी तक्रार द्या.