गाठी आल्या, पण आतून लाल आहेत का?

कडधान्याच्या मुळांवर गाठी दिसल्या म्हणजे नत्राची (नायट्रोजनची) सोय झाली, हा समज अर्धाच खरा. गाठ निकामीही असू शकते. पीक फुलोऱ्यात येताना एक रोप कुदळीने मातीसकट खणून काढा. उपटलं तर गाठी जमिनीतच राहतात. मुळं धुऊन टपोरी गाठ ब्लेडने कापा. आत गुलाबी-लाल दिसलं तर काम चालू आहे. सगळ्याच गाठी पांढऱ्या निघाल्या, तर गाठीत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र पिकाला वापरता येईल अशा रूपात बांधत नाहीत. आणि बोटाने न सुटणारी, मुळातच आलेली सूज म्हणजे सूत्रकृमीचा (मातीतल्या सूक्ष्म कृमींचा) रोग.

हा लाल रंग फार विलक्षण आहे. हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले. युरियासाठी लागणारा अमोनिया कारखान्यात करताना तो बंध 400 ते 500 अंश सेल्सियसला, प्रचंड दाबाखाली तोडावा लागतो. जिवाणू हेच काम मातीच्या तापमानाला करतो, नायट्रोजिनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) जोरावर. मात्र नायट्रोजनच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, किमान 16 रेणू खर्ची पडतात. एवढी ऊर्जा मिळवायला श्वसन हवं, श्वसनाला ऑक्सिजन हवा, आणि ऑक्सिजनचा स्पर्श झाला की नायट्रोजिनेज कायमचं बिघडतं! यातून वाट काढते ती वनस्पती. ती गाठीत लेगहिमोग्लोबिन तयार करते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच हे भावंड. ते ऑक्सिजन घट्ट धरून जिवाणूपर्यंत पोचवतं, मोकळा जवळपास राहूच देत नाही. लाल रंग त्याचाच.

हे जिवाणू पेरणीआधी बियाण्याला लावायला, म्हणजे बीजप्रक्रियेला, 10 किलो बियाण्यास रायझोबियम संवर्धकाचं (जिवाणू-खताचं) 250 ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. लिटरभर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा. गरम द्रावणात जिवाणू दगावतात. त्यात संवर्धक कालवून बियाण्यावर पातळ थर बसेल इतकंच शिंपडा, चिंब करू नका. सोयाबीन चोळू नका, साल सुटते. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचं तर आधी लावून सुकू द्या, रायझोबियम सगळ्यात शेवटी.

पाकिटावर पिकाचं नाव आणि अंतिम तारीख बघाच. सोयाबीनला ब्रेडीरायझोबियम लागतो, हरभऱ्याला मेसोरायझोबियम. एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही. ‘सर्व पिकांना चालणारं रायझोबियम, युरिया कायमचा बंद’ ही जाहिरात निव्वळ फसवणूक आहे. गहू-ज्वारीच्या मुळांवर या गाठी येतच नाहीत.

एवढं करूनही गाठी कमी आल्या, तर आधी युरियाकडे बघा. जमिनीत नत्र आयतं मिळालं की झाड जिवाणूंना साखर पुरवत बसत नाही. पेरणीवेळी थोडं नत्र ठीक, कारण गाठी कामाला लागायला तीन-चार आठवडे जातात. आम्लधर्मी जमिनीत अडचण वेगळी: तिथे मॉलिब्डेनम हे सूक्ष्म अन्नद्रव्य मुळांना पुरेसं मिळत नाही, आणि त्याच्याशिवाय नायट्रोजिनेज बनत नाही. अशा जमिनीला आधी चुना लागतो.