आत्याच्या अंबाड्यात दीपमाळ

मंगेशीच्या देवळासमोर आत्याचा फोटो काढला. नवी साडी, हातात प्रसाद, चेहऱ्यावर कोवळं ऊन. फोंड्याला घरी येऊन बघतो तर देवळाची सात मजली पांढरी दीपमाळ थेट तिच्या अंबाड्यातून उगवलेली. "अरे, हा तुरा कसला खोवलास?" आत्या म्हणाली. फोटो काढताना मला दीपमाळ दिसत होतीच की! पण ती मागे होती, आत्यापासून चांगली सुटी.

आपले दोन डोळे एकमेकांपासून साधारण 6 सेंटीमीटरवर असतात. दोघांना किंचित वेगळं दृश्य दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू पुढचं-मागचं ठरवतो. शिवाय मान जरा हलली की जवळची वस्तू लांबच्या वस्तूपेक्षा जास्त सरकते. कॅमेऱ्याला डोळा एकच, तोही त्या क्षणी थिजलेला. उपाय फुकटचा आहे: बटण दाबण्याआधी एक डोळा मिटा आणि मान हलवू नका. आता जे एकमेकांना चिकटलेलं दिसतंय, ते फोटोतही चिकटणार. दोन पावलं बाजूला सरका, दीपमाळ सुटते.

दुसरी गफलत लक्षाची. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. जवळपास तेवढाच, म्हणजे 2 अंशांच्या आसपासचा भाग आपल्याला बारकाव्यानिशी दिसतो. नजर सेकंदाला तीनेक उड्या मारत असल्याने बाकीचं धूसर आहे हे जाणवत नाही. चेहऱ्यावर नजर खिळली की कोपऱ्यातल्या चपला ध्यानातून सुटतात. म्हणून शेताची मेर बघून यावी तशी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवायची.

चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडून मांडणी करण्याच्या नियमाचा फार गवगवा होतो. इंग्लंडच्या जॉन थॉमस स्मिथने 1797 मध्ये तो लिहिला, तेव्हा फोटोग्राफी जन्मालाही आली नव्हती. विषय निसर्गचित्रांचा होता. चांगली सवय आहे, एवढंच. मी फोनवर त्या भागांच्या रेषांची जाळी लावतो ती क्षितिज तिरकं होऊ नये म्हणून.

क्षितिजाची खरी गंमत कोलव्याच्या समुद्रकिनाऱ्यावर. सपाट वाळूवर क्षितिजाची रेषा कायम कॅमेऱ्याच्या उंचीवर येते. तुम्ही उभ्याने, फोन डोळ्यांपाशी धरून फोटो काढलात, तर तुमच्याच उंचीचा माणूस दहा पावलांवर असो की शंभर, रेषा त्याच्या डोळ्यांतूनच जाणार. थोडा उंच असेल तर गळा कापणार. आता उकिडवे बसा आणि फोन गुडघ्याशी आणा. रेषा त्याच्याही गुडघ्यापर्यंत उतरते, वरचा सगळा माणूस आभाळावर उमटतो. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांवर हे करून बघा, एरवी साधी उडी मारणारा पोरगाही हवेत तरंगतो. पँट ओली होते, त्याला इलाज नाही.

पुढच्या सोमवारी पालखीला आत्यासोबत पुन्हा मंगेशीला गेलो. तिला उभं केलं, एक डोळा मिटला, हळूहळू डावीकडे सरकू लागलो.

"देवळात डोळे कुणाला मारतोस रे?" आत्या म्हणाली.