सहकारी संस्था आणि सेवाभावी संस्था: सभासद दोन्हीकडे, मालक एकीकडेच

गावाकडं 'सोसायटी' म्हटलं की पीककर्ज देणारी विकास सोसायटी. सोलापूर शहरात सोसायटी म्हणजे घरांची कॉलनी. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सोसायटी म्हणजे ते कॉलेज चालवणारी शिक्षण संस्था. 'संस्था' या शब्दाचे तर आपण याहून जास्त हाल केलेत. पतसंस्था ही संस्था, अनाथाश्रम चालवणारी ती संस्था, आणि साखर कारखान्याच्या वार्षिक सभेतसुद्धा 'आपली ही संस्था' म्हणूनच भाषण सुरू होतं.

मी हिशेब लिहायचं काम करतो. माझ्या टेबलावर सहकारी संस्थांच्या फायली येतात आणि सेवाभावी संस्थांच्याही. एकदा एक निवृत्त शिक्षक आले. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एका शिक्षण संस्थेत पाच हजार रुपये भरून ते आजीव सभासद झाले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "कारखान्याचाही मी सभासद आहे. तिथं लाभांश मिळतो, दिवाळीला साखर मिळते. इथं इतक्या वर्षांत एक रुपया नाही. माझा शेअर तरी परत मिळवून द्या." फसवणूक झाल्याच्या भावनेनं त्यांचा आवाज कापत होता. खरं तर त्यांना कोणी फसवलं नव्हतं. 'सभासद' या शब्दाचा अर्थ त्यांना कोणी सांगितला नव्हता, एवढंच. अशी माणसं मला वरचेवर भेटतात, म्हणून हे लिहितोय.

सहकारी संस्था सोलापूरकरांना शिकवायची गरज नाही. भाग भांडवल, वार्षिक सभा, निवडणूक, पॅनेल हे सगळं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 खाली नोंदणी होते, शेअर कितीही असले तरी माणशी मत एकच, निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, आणि लाभांशाला कायद्यानं 15 टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. संस्थेचं काम मुख्यतः सभासदांसाठी चालतं. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली ती गोदूताई परुळेकर यांच्या नावाच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेतून. ते दान नव्हतं. त्या बायका लाभार्थी होत्या, तशाच संस्थेच्या सभासदही होत्या. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, आणि त्या वसाहतीला कोणी 'धर्मादाय काम' म्हटलं की मी तिथंच थांबवतो.

आता सेवाभावी संस्थेकडं येऊ, कारण खरा गोंधळ इथं आहे. शाळा, वाचनालयं, अनाथाश्रम चालवणाऱ्या बहुतेक संस्था 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदतात. त्यासाठी किमान सात माणसं लागतात. महाराष्ट्रात त्यांची 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था (म्हणजे ट्रस्ट) कायद्याखालीही नोंद होते. इथंही सभासद असतात, वार्षिक सभा असते, कार्यकारिणीची निवडणूक होते, कधीकधी कारखान्याइतकीच चुरशीची. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. पण या सभासदाकडं मत असतं, भाग म्हणजे शेअर नसतो. त्यानं भरलेली रक्कम वर्गणी असते. ती संस्थेत गेली की संस्थेच्या कामाची झाली, परत मागायचा प्रश्नच उरत नाही. मार्चअखेर जमाखर्चात वाढावा, म्हणजे खर्च जाऊन शिल्लक, दिसला, तर तो पुन्हा संस्थेच्या उद्दिष्टावरच खर्च व्हायला हवा. आयकराची सूट टिकवायची असेल तर वर्षाच्या उत्पन्नातली 85 टक्के रक्कम उद्दिष्टासाठी वापरावी लागते. आणि उद्या संस्था गुंडाळायची वेळ आली तरी देणी फेडून उरलेलं सभासदांनी आपसात वाटून घेता येत नाही. 1860 च्या कायद्यातच तशी मनाई आहे.

म्हणजे सेवाभावी संस्थेला मालक नसतो. हे वाक्य मी लोकांना दोनदा म्हणायला लावतो. संस्थापक मालक नसतो, अध्यक्ष नसतो, सगळ्यात मोठा देणगीदारही नसतो. ते विश्वस्त असतात, म्हणजे दुसऱ्यांसाठी असलेली मालमत्ता सांभाळणारे. विश्वस्तांनी एकमतानं ठरवलं तरी ट्रस्टची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या, म्हणजे ट्रस्टांवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या, पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. तरीही 'अमुक शाळेचे मालक' असं लोक बिनदिक्कत म्हणतात, छापूनही येतं. मला ते दरवेळी खटकतं. एकदा का मालक म्हटलं, की पुढं त्यांच्या मुलानं गादी सांभाळण्यातही कोणाला वावगं वाटत नाही.

आपल्याकडं याचं सगळ्यात सोपं उदाहरण सोलापूरच्या ग्रामदैवताच्या नावातच आहे. सिद्धेश्वर देवस्थान आणि कुमठ्याचा सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना. देव एकच, नाव एकच. कारखान्याच्या सभासदाकडं भाग दाखला असतो आणि त्या भागापुरता तो कारखान्याचा मालक असतो. सिद्धेश्वराच्या यात्रेत पिढ्यान्‌पिढ्या मानाचा नंदीध्वज खांद्यावर घेणाऱ्यालाही देवस्थानात भाग नसतो. देवस्थानचा कारभार बघणाऱ्या पंचांनाही नसतो. दानपेटीत टाकलेल्या रुपयावर लाभांश मागायला कोणी जात नाही, इतकं ते आपल्याला उपजत कळतं. तोच नियम शिक्षण संस्थेला लावायची वेळ आली की मात्र विसरतो.

'ना-नफा' हा शब्द मला म्हणूनच आवडत नाही. त्यानं वाटतं की सेवाभावी संस्थेनं काही कमवूच नये. भाकरी, चटण्या विकणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायकांना काम देणारी सोलापूरची सेवाभावी संस्था उद्योगवर्धिनी बघून मला एकानं विचारलं होतं, "हा तर धंदा झाला, यात सेवा कुठं आली?" अहो, विक्री करणं गुन्हा नाही, काम करणाऱ्या बाईला मजुरी देणं तर नाहीच. पगार आणि मजुरी हा खर्च असतो. शिलकीत उरलेली रक्कम चालकांनी वाटून घेणं, बंदी आहे ती याला. 'बिनवाटपाची संस्था' म्हटलं असतं तर निम्मा गोंधळ मिटला असता.

हा फरक दवाखान्यात सगळ्यात महाग पडतो. अश्विनी आणि मार्कंडेय या सोलापुरातल्या रुग्णालयांच्या नावातच 'सहकारी' आहे. सहकारी रुग्णालय म्हणजे भाग भांडवलावर उभं राहिलेलं. धर्मादाय रुग्णालय म्हणजे सार्वजनिक ट्रस्टनं चालवलेलं. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार योजना आहे: 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. ही योजना ट्रस्टच्या नोंदणीला चिकटलेली आहे. 'सहकारी' या शब्दानं ती आपोआप लागू होत नाही. त्यामुळं रुग्ण दाखल करताना दर विचारायच्या आधी नोंदणी कुठली आहे ते विचारावं.

कंपनीबद्दल फार लिहीत नाही. कंपनीत मत भागांच्या संख्येवर चालतं, माणसांच्या नाही. फक्त 'कारखाना म्हणजे सहकारी' हे डोक्यातून काढा. एकाच माळशिरस तालुक्यात अकलूजचा सहकार महर्षी कारखाना सहकारी आहे, आणि माळीनगरचा सासवड माळी शुगर फॅक्टरी, जो माळी शेतकऱ्यांनीच 1932 साली उभा केला, तो लिमिटेड कंपनी आहे. शेतकऱ्यांनी काढला म्हणून तो सहकारी होत नाही. ऊसवाल्याला एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला किमान ऊसदर, चौदा दिवसांत द्यायचं बंधन मात्र दोघांनाही सारखंच. तसंच प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही मोटारींच्या इंजिनाचे कॅमशाफ्ट बनवणारी कंपनी वेगळी आणि सामाजिक काम करणारं प्रिसिजन फाउंडेशन वेगळं. कंपनी कायद्याच्या कलम 8 ची कंपनी हा आणखी एक प्रकार आहे. नाव कंपनी, पण लाभांश वाटायला बंदी, म्हणजे स्वभावानं ती सेवाभावीच.

लेटरहेड हातात आलं की मी आधी नावाचा शेवट बघतो. 'मर्यादित' असेल तर बहुधा सहकारी. मग नोंदणी क्रमांक. 'एफ' अक्षरानं सुरू होणारा ट्रस्ट क्रमांक म्हणजे 1860 च्या कायद्याखालची सोसायटी, 'ई' असेल तर इतर धर्मादाय ट्रस्ट, 'ए' असेल तर हिंदू देवस्थान. सहकारी संस्थेची तक्रार निबंधकांकडं, कारखान्याची साखर सहसंचालकांकडं, ट्रस्टची धर्मादाय कार्यालयात. चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनोन्‌महिने फिरत राहतो, आणि तोवर तक्रारीची मुदत निघून गेलेली मी पाहिलीय.

त्या गुरुजींना मी त्यांची जुनी पावती घेऊन यायला सांगितलं. तिच्यावर स्पष्ट लिहिलं होतं: 'आजीव सभासद वर्गणी'. पैसे परत मिळणार नव्हते. पण सभासद यादीत नाव असल्यामुळं वार्षिक सभेची नोटीस मिळणं, हिशेबावर प्रश्न विचारणं आणि कार्यकारिणीच्या निवडणुकीत मत देणं हे तिन्ही हक्क त्यांच्याकडं होते. इतक्या वर्षांत ते एकाही सभेला गेले नव्हते. पुढच्या सभेची तारीख त्यांनी माझ्यासमोर वहीत लिहून घेतली.