नाव शोधलं की काय दिसतं?
नोकरी शोधणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बायोडेटा करून घ्यायला येण्याआधी एक काम करा. मोबाइलवर ब्राउझरची इन्कॉग्निटो विंडो उघडा आणि गूगलवर स्वतःचं नाव व गाव टाका. मुलाखतीला बोलावण्याआधी बरेच एचआरवाले हेच करतात. ‘पर्सनल ब्रँड’ हा शब्द फार मोठा वाटतो, पण तुमच्या नावाखाली तुमचं काम दिसतं की नाही, एवढाच त्याचा अर्थ.

नाव
खान्देशात पाटील, महाजन, चौधरी, सोनवणे इतके आहेत की नुसत्या नाव-आडनावावर भलत्याच माणसाचं प्रोफाइल वर येतं. म्हणून मध्ये वडिलांचं नाव घ्या. इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटवरचं, तेच सगळीकडे. ‘चौधरी’ इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात. लिंक्डइनवर (नोकरी-व्यवसायाच्या ओळखींची वेबसाइट) एक, आधारवर दुसरं असलं की शोधताना सापडत नाही आणि पुढे कागदपत्रं तपासताना गाडी अडते. ‘किंग’, ‘वाघ’ असला जुना ईमेल गेम खेळण्यापुरता ठेवा.

हेडलाइन
लिंक्डइनवर नावाखाली २२० अक्षरं मिळतात, पण यादीत सुरुवातीचाच तुकडा दिसतो. ‘मेहनती, प्रामाणिक, संधीच्या शोधात’ यात कोणी शोधेल असा शब्दच नाही. एचआर शोधतो पद, मशीन, सॉफ्टवेअर. पाइपच्या कारखान्यात असाल तर ‘एक्स्ट्रूजन ऑपरेटर, पीव्हीसी पाइप, ४ वर्षं’ असं लिहा. हेडलाइन इंग्रजीत टाइप करा, कारण शोधणाराही इंग्रजीतच टाइप करतो. पोस्ट मराठीत खुशाल लिहा.

पुरावा
खरा फरक इथे पडतो. ‘टॅली येतं’ असं सगळेच लिहितात. त्याऐवजी दरमहा रिटर्न भरणाऱ्या किती फर्मचं जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) ११ तारखेच्या आत आणि जीएसटीआर-३बी (कर भरायचं रिटर्न) २० तारखेच्या आत भरता, ते आकड्यात सांगा. उत्पादनात असाल तर कोणत्या मापाचा पाइप, माल रिजेक्ट का व्हायचा, तुम्ही काय बदललं, ते लिहा. डायचं (पाइपला आकार देणाऱ्या साच्याचं) सेंटरिंग बिघडलं की पाइपची जाडी एका बाजूला कमी येते, हे ज्याने हाताने दुरुस्त केलंय त्याच्या चार ओळी डझनभर सर्टिफिकेटांपेक्षा जास्त बोलतात. आठवड्याला अशी एक पोस्ट पुरे. मात्र प्लांटमधला फोटो परवानगीशिवाय नको, आणि गिऱ्हाइकाचं नाव, दर, ड्रॉइंग तर कधीच नको. हे बाहेर टाकणाऱ्याला नवा मालकही घेत नाही.

‘ओपन टू वर्क’
नोकरी शोधतोय हे कळवणारी ही लिंक्डइनची सोय. याचे दोन पर्याय आहेत. फोटोभोवती हिरवी पट्टी लावली की ती सगळ्यांना दिसते, सध्याच्या मालकालाही. दुसऱ्या पर्यायात फक्त भरती करणाऱ्यांना कळतं. तुमच्याच कंपनीच्या भरतीवाल्यांपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण हमी देत नाही. आणि एमआयडीसीत बातमी चहाच्या टपरीवर आधी पोहोचते. चाकण, नाशिक, सुरतला जायची तयारी असेल तर ती गावं इथे जोडा, नाहीतर तिथल्या शोधात तुम्ही येतच नाही.

फाइल आणि फेसबुक
बायोडेटाचा मोबाइलने फोटो काढून केलेली पीडीएफ भरतीच्या सॉफ्टवेअरला बऱ्याचदा वाचता येत नाही. फाइलमधली ओळ बोटाने निवडता आली पाहिजे. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टची फाइल समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर गचाळ चिन्हं दाखवते. फाइलचं नाव ‘फायनल-२’ नको. स्वतःचं नाव आणि पद द्या.

फेसबुकच्या सेटिंगमध्ये जुन्या पोस्ट एकदम मित्रांपुरत्या करता येतात. दुसऱ्यांनी टॅग केलेले फोटो त्यात येत नाहीत. ते टॅग एकेक करून काढावे लागतात.

प्रोफाइल उघडं झालं की फसवे फोनही येतात. नोकरीसाठी ‘डिपॉझिट’ मागितलं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

आमच्याकडे येताना दहावीची मार्कशीट, अनुभवाची पत्रं आणि साध्या भिंतीसमोर काढलेला फोटो (किमान ४०० बाय ४०० पिक्सेल) आणा. पासवर्ड आणि ओटीपी स्वतः टाइप करा. आम्हालाही सांगू नका.