इरईचे ओरखडे आणि समुद्रतळावरची बर्फाची रोजनिशी

नागपूरपासून समुद्र कोणत्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर आहे, आणि बर्फ तर त्याहूनही दूर. तरीही मागे हटलेल्या हिमस्तरांविषयीचे लेखन विदर्भातून सुरू करण्यास सबळ कारण आहे. १८७५ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फ्रान्सिस फेडन यांनी चंद्रपूरजवळ, पेनगंगेच्या खोऱ्यात, इरई गावापाशी चुनखडकाचा एक घासून गुळगुळीत झालेला पृष्ठभाग नोंदवला. त्या पृष्ठभागावर सरळ, समांतर ओरखडे होते आणि त्याच्या वर बारीक गाळात रुतलेल्या लहानमोठ्या धोंड्यांचा तालचीर थर होता. आपल्याकडचे दगडी कोळशाचे थर त्याच्याही नंतरचे. वाहत्या पाण्याने दगड गोटे होतात. खडकावर असे ओरखडे उमटतात ते बर्फाच्या तळाशी अडकून घासत गेलेल्या दगडांमुळे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, भारत गोंडवन भूखंडाचा भाग म्हणून दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ असताना, आज जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तिथे हिमस्तर सरकत होता.

येथे बर्फ होता आणि तो अमुक दिशेने सरकत होता, एवढे इरईचा खडक सांगतो. बर्फ किती वेगाने मागे गेला, हे विचारायचे झाल्यास समुद्राच्या तळाशी जावे लागते.

शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, जगातील समुद्रांची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरहून अधिक खाली होती आणि अंटार्क्टिका, नॉर्वे, ग्रीनलँड यांच्याभोवतीच्या उथळ समुद्रतळावर हिमस्तरांचे बूड टेकलेले होते. बर्फ मागे हटला तशी ती जागा खोल पाण्याखाली गेली. जमिनीवरच्या खुणा पाऊस, नद्या, झाडांची मुळे आणि माणसाचा नांगर पुसून टाकतात. शेकडो मीटर खोल, अंधाऱ्या आणि शांत पाण्यात यांपैकी काहीच पोहोचत नाही, आणि वरून पडणारा गाळ जिथे कमी असतो तिथे हजारो वर्षांपूर्वीचा तळ जवळजवळ जसाच्या तसा राहतो.

तो पाहण्याचे साधन म्हणजे मल्टीबीम सोनार. जहाजाच्या बुडाशी बसवलेले हे यंत्र पंख्यासारखे पसरलेले शेकडो ध्वनिझोत एकाच वेळी खाली सोडते आणि प्रत्येक प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या वेळेवरून त्या त्या बिंदूची खोली काढते. त्यातून तयार होणाऱ्या नकाशात सर्वप्रथम लक्ष वेधतात ते किलोमीटरच्या किलोमीटर सरळ गेलेले समांतर उंचवटे आणि खोबणी. काळ्या मातीच्या शेतात नुकतेच नांगराचे तास पडावेत तसे हे दृश्य दिसते. फरक प्रमाणाचा, कारण येथे दोन तासांमधले अंतर अनेकदा शंभर मीटरहून जास्त असते. जिथे बर्फ मऊ गाळावरून वेगाने वाहत होता, तिथे हे तास दिसतात. ते समुद्राकडे जिथवर पोहोचतात, किमान तिथवर हिमस्तर आलेला होता.

बर्फ मागे हटण्याची कथा मात्र आडव्या खुणांमध्ये असते. हिमस्तर समुद्राकडे सरकताना एका रेषेपाशी तळ सोडून तरंगू लागतो. तिला आपण आधाररेषा म्हणू. ही रेषा एका जागी दीर्घकाळ थांबली, तर बर्फाने ओढून आणलेला गाळ तिथे साचून मोठा बांध तयार होतो. ती सतत मागे सरकत राहिली, तर लहान लहान वरंबे एकामागून एक उमटतात. उन्हाळ्यात फुटाळा किंवा अंबाझरी तलावाचे पाणी ओसरू लागले की काठच्या चिखलावर पाण्याच्या एकेका मुक्कामाची रेघ राहते. हे वरंबे त्याच जातीचे आहेत, फक्त ते बर्फाने काढलेले असतात.

२०१९ साली पश्चिम अंटार्क्टिकातील थ्वेट्स हिमनदीसमोर, सुमारे ७०० मीटर खोलीवर, 'रान' नावाच्या स्वयंचलित पाणबुडीने असे वरंबे इतक्या बारकाईने टिपले की ते मोजता आले. ही हिमनदी साधारण दोन विदर्भांएवढ्या क्षेत्रावर पसरलेली आहे. वरंबे मात्र जेमतेम हातभर उंचीचे आणि एकमेकांपासून काही मीटरांवर होते, आणि सलग पट्ट्यात त्यांची संख्या १६० हून अधिक भरली. अलास्टेअर ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये त्यांचा लावलेला अर्थ मला या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर तर्क वाटतो. भरतीबरोबर बर्फाची कड उचलली जाते, ओहोटीबरोबर ती पुन्हा तळावर टेकते आणि खालचा गाळ दाबून एक वरंबा उभा करते. पुढच्या ओहोटीपर्यंत कड थोडी मागे गेलेली असते, म्हणून नवा वरंबा नव्या जागी उठतो. त्या समुद्रात दिवसाला मुख्यतः एकच भरती येते, म्हणजे एक वरंबा हा एक दिवस. वरंब्यांची उंची आणि त्यांच्यातील अंतर सुमारे पंधरवड्याच्या लयीने कमीजास्त होते. पौर्णिमा-अमावास्येचे उधाण आणि अष्टमीचा भांग या दोन्ही भरत्यांची नोंद त्या चिखलात राहिली होती. हिशेब असा निघाला की गेल्या दोन शतकांत कधीतरी, साडेपाच महिने, ही हिमनदी वर्षाला २.१ किलोमीटरपेक्षा जास्त गतीने, म्हणजे दिवसाला सुमारे सहा मीटर, मागे हटत होती. उपग्रहांनी अलीकडच्या दशकात तिथे मोजलेल्या सर्वाधिक वेगाच्या ही गती दुपटीएवढी आहे.

नॉर्वेच्या समुद्रतळावर क्रिस्टीन बॅचलर यांच्या गटाने ७,६०० हून अधिक वरंबे तपासले. त्यांवरून हिमयुगाच्या अखेरीस तेथील बर्फ दिवसाला ५५ ते ६१० मीटर मागे गेल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वाधिक वेग जिथे तळ सपाट होता तिथे आढळला, कारण सपाट तळावर बर्फ थोडा पातळ झाला तरी त्याचा मोठा भाग एकदम तरंगू लागतो. असे वेगाचे टप्पे अल्पकाळाचे, काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंतचे असत.

खुणांचा क्रम नकाशा देतो. त्यांचे वय काढण्यासाठी गाळ वर आणावा लागतो. जहाजावरून सोडलेली जड नळी तळात रुतते आणि तिच्यातून निघालेला गाळाचा उभा कांब खालून वर वाचला जातो. तळाशी बर्फाने चेपलेला घट्ट चिखल आणि त्यात खडे. त्यावर तरंगत्या बर्फातून सुटलेले खडे मिसळलेला मऊ गाळ. सर्वांत वर उघड्या समुद्रातील सूक्ष्म शैवालांची कवचे. घट्ट चिखल संपून मऊ गाळ सुरू होतो, तिथे बर्फाने जागा सोडलेली असते. त्या सीमेलगतच्या कवचांचे वय कार्बन-१४ पद्धतीने काढतात. यातली अडचण मोठी आहे, कारण अंटार्क्टिकाभोवतीच्या खोल पाण्यात जुना कार्बन असल्याने आज जिवंत असलेल्या शिंपल्याचे वयसुद्धा हजार वर्षांहून अधिक भरते. ही वजाबाकी काळजीपूर्वक करावी लागते, आणि चुन्याची कवचे तिथे मुळातच कमी सापडतात. थ्वेट्सच्या शेजारच्या पाइन आयलंड हिमनदीखालील कटक, म्हणजे समुद्रतळावरचा लांब उंचवटा, बर्फापासून केव्हा सुटू लागला, हे २०१७ मध्ये शिसे-२१० हे किरणोत्सारी शिसे आणि अणुचाचण्यांतून आलेले प्लुटोनियम यांच्या मदतीने ठरवण्यात आले. उत्तर आले, १९४० चे दशक.

हाच क्रम पाहण्यासाठी नळी आणि जहाज लागतेच असे नाही. नागपूरच्या ईशान्येला, छत्तीसगडमधील मनेंद्रगड येथे हसदेव नदीकाठच्या तालचीर खडकांत बर्फाने आणलेल्या धोंड्यांबरोबर समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. बर्फ वितळला, पातळी चढली आणि समुद्र आत आला; त्याचा तळ आज मध्य भारताच्या कोरड्या जमिनीवर उघडा पडलेला आहे.