गिरणीचं करवती छप्पर पावसासाठी नव्हतं

जुन्या कापड गिरण्यांचे फोटो फिरतात तेव्हा खाली एक ओळ हमखास असते: ‘करवतीच्या दात्यांसारखं छप्पर पावसाचं पाणी झटकन निथळावं म्हणून.’ पटण्यासारखं आहे, कारण उतार दिसला की पाणीच आठवतं.

पण पाण्यासाठी एकच मोठा उतार पुरला असता. इथे दर दोन दात्यांमध्ये एक पन्हाळ येते, म्हणजे गळतीला नवी जागा. पावसाच्या दृष्टीने हे छप्पर उलट डोकेदुखीच. मग असं का बांधलं?

उजेडासाठी. यंत्रमाग जड, शिवाय चालताना हादरे देणारे. म्हणून विणकाम बहुधा तळमजल्यावर, एकाच अवाढव्य शेडमध्ये. बाजूच्या खिडक्यांचा उजेड मधल्या मागापर्यंत पोचत नाही, तो वरूनच घ्यावा लागतो. मात्र थेट ऊन नको: त्याने शेड तापते, हवा कोरडी होते आणि कोरड्या हवेत सुती धागा पटापट तुटतो. तुटलेला तो केसाएवढा धागा विणकऱ्याला लगेच दिसायला तर हवा! म्हणून दात्याच्या उभ्या बाजूला काच, आणि ती काच उत्तरेकडे. तिथून दिवसभर सारखा, सावल्या न पाडणारा उजेड येतो.

तपासणं सोपं आहे. उपग्रह नकाशावर अशी गिरणी शोधा आणि काचा कुठल्या दिशेला आहेत ते पाहा. उत्तर गोलार्धात त्या बहुतेक उत्तरेला, तर दक्षिण गोलार्धात दक्षिणेला सापडतात. पाऊस काही गोलार्ध बघून पडत नाही.